फास्ट म्हणजे नक्की काय: घट्ट, उपाशी की वेगवान?

तुम्ही तीन ठिकाणं दिली आहेत. घरातल्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवर 'फास्टिंग' लिहिलंय, त्याच लॅबच्या थुंकीच्या रिपोर्टवर 'ॲसिड फास्ट बॅसिलाय नॉट सीन' असं आहे, आणि मुलीच्या गोष्टीच्या पुस्तकात 'द डोअर वॉज फास्ट' असं वाक्य आलंय. तुमचा प्रश्न असा की फास्ट म्हणजे जर वेगवान, तर ह्या तिन्हीत वेग कुठे आहे, हे एकाच स्पेलिंगचे वेगवेगळे शब्द आहेत की एकाच शब्दाचे अर्थ, आणि वाचताना कुठला अर्थ घ्यायचा हे ओळखायचं कसं. शिवाय शेवटी 'फीस्ट' ह्याच घरातला का, असंही विचारलंय.

मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतोय, दुसऱ्यांचे अनुवाद तपासतोही, आणि हा शब्द माझ्यासमोर सतत येतो. खरी अडचण काय होते तर आपण शाळेत 'फास्ट म्हणजे जलद' हे इतकं पक्कं शिकतो की पुढे हा शब्द जिथे दिसेल तिथे आधी वेग शोधतो, आणि वेग नाही सापडला की हा काहीतरी अपवाद असणार म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात उलट आहे. ह्या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा. तुमची तिन्ही उदाहरणं त्या मूळ अर्थाची आहेत. वेग हा नंतर आलेला अर्थ आहे, आणि आज तोच सगळ्यात जास्त वापरात असल्यामुळे बाकीचे परके वाटतात इतकंच. तेव्हा एकच शब्द, एकच मूळ.

आता कुठे कुठला अर्थ घ्यायचा हे मात्र मजकुरावर अवलंबून आहे, मजकूर कधीचा आहे, कुठल्या क्षेत्रातला आहे, शेजारी क्रियापद कुठलं आहे, ह्यावर. त्याकडे येतोच, पण आधी मूळ बघू, कारण मूळ कळलं की अर्ध्याहून जास्त काम होतं.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, हा शब्द 'फॅस्ट' असा होता आणि अर्थ होता घट्ट बसलेला, स्थिर. त्याची भावंडं आजही शेजारच्या भाषांत आहेत, जर्मनमध्ये 'फेस्ट', डचमध्ये 'व्हास्ट', स्वीडिशमध्ये 'फास्ट', आणि ह्या सगळ्यांत घट्ट किंवा पक्का हाच मुख्य अर्थ टिकलाय. आणखी मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ ह्याचं नातं संस्कृतातल्या 'पस्त्य' शब्दाशी जोडतात, म्हणजे घर, वस्तीची जागा, माणूस जिथे स्थिर होतो ती. इथे एक सांगतो, कारण असं काही लिहिलं की लगेच 'म्हणजे इंग्रजी संस्कृतातून आली' असा निष्कर्ष काढला जातो. तसं नाही. दोन्ही शब्द एकाच फार जुन्या पूर्वज भाषेतून आलेत असं म्हणणं आहे, एकातून दुसरा निघाला असं नाही. चुलत भाऊ आहेत, बाप-लेक नाहीत.

हा घट्ट अर्थ मेलेला आहे असं समजू नका, तो रोजच्या वापरात आहे, फक्त आपलं लक्ष जात नाही. विमानात बसल्यावर पट्टा बांधायची सूचना ऐकता ना, त्यातलं 'फासन' हे क्रियापद (स्पेलिंगमध्ये टी आहे पण उच्चारात येत नाही, लिसन आणि कासल सारखंच) म्हणजे फास्ट करणे, घट्ट करणे. हार्डवेअरमधले नट, बोल्ट, स्क्रू ह्या सगळ्यांना मिळून 'फासनर' म्हणतात ते ह्याचमुळे. 'स्टेडफास्ट' म्हणजे आपल्या जागी ठाम उभा, कारण त्यातला 'स्टेड' म्हणजे जागा, 'इन्स्टेड' मधला तोच. दोर खुंट्याला बांधून टाकायचा असेल तर जहाजावर आजही 'मेक इट फास्ट' म्हणतात, आणि कोणी नवखा हे ऐकून घाईघाईत सैल गाठ मारेल तर उलटाच परिणाम होईल. समुद्री शेवाळाची मोठी रोपं खडकाला ज्या भागाने चिकटून राहतात त्याला जीवशास्त्रात 'होल्डफास्ट' हेच नाव आहे. खलाशांमध्ये तर हाताच्या बोटांवर 'होल्ड फास्ट' गोंदवून घ्यायची जुनी पद्धत होती, इंग्रजीत बरोबर आठ अक्षरं आहेत, अंगठे सोडून आठ बोटं, एका बोटावर एक. दोरी हातातून सुटू नये ही त्यामागची भावना. आणि जुन्या समुद्री गोष्टींत 'अव्हास्ट' अशी आरोळी येते, म्हणजे थांबा, ती बहुधा डच 'हाउ व्हास्ट' म्हणजे घट्ट धर ह्यावरून झिजत आलेली आहे.

समुद्रावरूनच आलेला आणखी एक प्रयोग आपण मराठी बोलतानाही सर्रास वापरतो, 'असा काही हार्ड अँड फास्ट रूल नाहीये'. ह्यात फास्ट म्हणजे काय असं विचारलं तर बहुतेक जण अडखळतात. जहाज उथळ पाण्यात येऊन तळाला असं रुतलं की जागचं हलत नाही, त्याला खलाशी हार्ड अँड फास्ट म्हणायचे. त्यावरून न हलणारा, न वाकणारा नियम. वेगाचा काडीचाही संबंध नाही.

'फास्ट अस्लीप' आणि 'फास्ट फ्रेंड्स' ह्या दोन प्रयोगांसाठी मराठीत एकच शब्द चपखल बसतो आणि मला तो फार आवडतो, तो म्हणजे गाढ. गाढ झोप, गाढ मैत्री, आणि गाढ आलिंगन. संस्कृतात गाढ म्हणजे दाबून घट्ट झालेलं, दाट. म्हणजे घट्टपणाची कल्पना झोपेला आणि मैत्रीला लावायची हे इंग्रजीनेही केलं आणि आपणही केलं, एकमेकांना न विचारता. त्यामुळे मी शिकवताना सांगतो की फास्ट शब्द अडला तर मनात आधी 'गाढ, घट्ट, पक्का' हे तीन शब्द ठेवून बघा, पक्का रंग, पक्की गाठ, गाढ झोप, घट्ट दार, बऱ्याच वेळा तिथेच सुटतो.

तुमच्या मुलीच्या पुस्तकातलं वाक्यही असंच सुटतं. 'द डोअर वॉज फास्ट' म्हणजे दार घट्ट लावलेलं होतं, आतून कडी-कुलूप असणार, ढकलून उघडत नव्हतं. आज इंग्रजी बोलणारे असं सहसा म्हणणार नाहीत, 'लॉक्ड' म्हणतील, पण जुन्या गोष्टींत किंवा जुन्या वळणाने लिहिलेल्या गोष्टींत हे नेहमी भेटतं.

घट्ट अर्थाचे दोन शब्द तर असे आहेत की त्यांचा चेहराच बदललाय. 'शेमफेस्ड' हा शब्द आज ऐकला की वाटतं लाजेने पडलेला चेहरा, फेस म्हणजे तोंड. मुळात तो 'शेमफास्ट' होता, लाजेने बांधलेला, मर्यादेत राहणारा. पुढे लोकांना फास्टचा तो अर्थ आठवेना, म्हणून कानाला जवळचा 'फेस्ड' तिथे जाऊन बसला. दुसरा 'फास्टनेस'. ह्याचा अर्थ वेग असा कोणीही लावेल, पण इंग्रजीत डोंगरातल्या दुर्गम, सहज जिंकता न येणाऱ्या जागेला, किल्ल्याला फास्टनेस म्हणतात. त्याचा दुसरा वापर रंगांच्या धंद्यात आहे, आणि तिथून आपण तुमच्या लॅब रिपोर्टकडे जाऊ शकतो.

कापड रंगवणाऱ्यांच्या जगात फास्टनेस हा रोजचा शब्द आहे, वॉश फास्टनेस, रबिंग फास्टनेस, लाइट फास्टनेस, म्हणजे धुतल्यावर, घासल्यावर, उजेडात ठेवल्यावर रंग किती टिकतो. ह्या चाचण्यांसाठी आयएसओ 105 नावाची प्रमाणांची मालिकाच आहे. धुतल्यावर रंग किती उतरला हे करड्या छटांच्या एका पट्टीशी ताडून 1 ते 5 मध्ये गुण देतात, 5 म्हणजे काहीच फरक नाही. उजेडासाठी निळ्या लोकरीच्या तुकड्यांची 1 ते 8 अशी पट्टी वापरतात, त्यात 8 सगळ्यात टिकाऊ. रंगांच्या डब्यांवर फास्ट रेड, फास्ट ग्रीन अशी नावं असतात ती ह्याच अर्थाने, पक्का लाल, पक्का हिरवा. पटकन चढणारा रंग असं समजून चालणार नाही.

आता 'ॲसिड फास्ट'. हा शब्द थेट ह्या रंगाच्या अर्थातून आलाय. थुंकीचा पातळ थर काचेच्या स्लाइडवर पसरतात, त्यावर कार्बोल फुक्सिन नावाचा लालभडक रंग टाकून खालून उष्णता देतात, मग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने ती स्लाइड धुतात. बाकीच्या पेशी आणि बहुतेक जंतू ह्या धुण्यात लाल रंग सोडून देतात. क्षयाचा जंतू सोडत नाही, कारण त्याच्या बाहेरच्या भिंतीत मायकोलिक ॲसिड नावाचे लांबलचक मेणचट रेणू असतात आणि रंग त्यात अडकून बसतो. शेवटी वरून निळा रंग देतात, म्हणजे मायक्रोस्कोपखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या दिसल्या तर ते जंतू ॲसिड फास्ट, आम्लाने धुवूनही रंग न सोडणारे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं 24 मार्च 1882 ला जाहीर केलं, आणि त्याच वर्षी पॉल एर्लिखने हे आम्लाला दाद न देणं हेरलं, पुढे त्सील आणि नील्सन ह्या दोघांनी पद्धत सुधारली म्हणून ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. जर्मनमध्ये ह्या गुणाला 'झॉयरेफेस्ट' म्हणतात, झॉयरे म्हणजे आम्ल आणि फेस्ट म्हणजे तोच आपला घट्ट. म्हणजे रिपोर्टवर जे लिहिलंय त्याचा शब्दशः अर्थ 'आम्लापुढे पक्के राहणारे जंतू दिसले नाहीत'. रिपोर्टवरून पुढे काय करायचं ते अर्थातच डॉक्टर सांगतील, मी फक्त शब्दाचं बोलतोय.

'फास्टिंग' कडे वळू. इथे खूप जणांना वाटतं की हा तरी नक्की वेगळा शब्द असणार, कारण घट्ट आणि उपाशी ह्यांचा काय संबंध. संबंध आहे, आणि तो समजायला मराठी माणसाला तर सगळ्यात सोपा जायला हवा. जुन्या इंग्रजीतल्या 'फॅस्टन' क्रियापदाचे दोन्ही अर्थ होते, घट्ट करणे, पक्कं करणे, आणि उपास करणे. त्याहून जुना पुरावा गॉथिक ह्या इंग्रजीच्याच घराण्यातल्या जुन्या भाषेत मिळतो, 4थ्या शतकात त्या भाषेत बायबलचं भाषांतर झालं होतं, त्यातलं 'फास्तान' हे क्रियापद राखणे, पाळणे आणि उपास करणे अशा सगळ्यांसाठी आहे. म्हणजे वाट अशी, घट्ट धरणे, मग नियम घट्ट धरणे म्हणजे पाळणे, आणि मग जो नियम पाळायचा तो मुख्यतः न खाण्याचा म्हणून उपास. आता आपली क्रियापदं बघा, आपण उपास 'धरतो', पथ्य 'पाळतो', मौन 'धरतो', आणि मग उपास 'सोडतो' किंवा 'मोडतो'. धरणे, पाळणे, सोडणे, सगळी मुठीची भाषा आहे. इंग्रजीत ते धरणं शब्दाच्याच पोटात गेलंय, आपल्याकडे क्रियापदात उघड दिसतं, एवढाच फरक. इंग्रजीत उपास मोडतात, 'ब्रेक' करतात, आणि रात्रभराचा उपास मोडायचं खाणं ते ब्रेकफास्ट, हा जोडशब्द 15व्या शतकातला आहे. त्याचा उच्चार मात्र 'ब्रेकफास्ट' असा दोन तुकड्यांत ताणून न करता 'ब्रेक्फस्ट' असा आखूड करतात, आणि बहुधा त्यामुळेच खुद्द इंग्रजांनाही त्यातला उपास ऐकू येत नाही.

ह्याला जोडूनच एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. 'डिनर' हा शब्द फ्रेंचमधून आलाय, आणि त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थही उपास सोडणे असाच आहे. म्हणजे मुळात ब्रेकफास्ट आणि डिनर दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, फक्त शतकांच्या प्रवासात डिनर दिवसाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

आता सगळ्यात अवघड भाग, घट्टचा वेगवान झाला कसा. न हलणारा असा ज्याचा अर्थ तो शब्द जोरात हलणाऱ्यासाठी कसा काय वापरायला लागले. अशा एकाच शब्दात दोन विरुद्ध अर्थ असण्याची उदाहरणं इंग्रजीत आणखीही आहेत, 'बोल्ट' बघा, दाराला कडी घालणे आणि सुसाट पळत सुटणे, दोन्ही. पण फास्टची वाट आपल्याला पायरीपायरीने दाखवता येते.

पहिली पायरी, घट्टपणाने ह्या क्रियाविशेषणाचा अर्थ जोर लावून, नेटाने असा होतो. मराठीत 'कसून' शब्द घ्या. कसणे म्हणजे आवळणे, कसून बांध म्हणजे घट्ट बांध. पण आपण कसून अभ्यास करतो, पोलिस कसून तपास करतात, तिथे दोरी कुठेच नाही, फक्त जोर उरलाय. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत, 'फास्ट' असाच वापरला जायचा, फास्ट पिणे म्हणजे दाबून पिणे. दुसरी पायरी, हा जोर पळण्याला लावला की त्याचा वेग होतो. आपल्याकडे 'जोरात' बघा. जोर म्हणजे ताकद, वेग नव्हे. पण 'जोरात पळ' म्हटल्यावर कोणी ताकद लावून हळू पळतो का? जोरात पळणे म्हणजे वेगात पळणे हे इतकं मुरलंय की 'गाडी फार जोरात होती' असं आपण म्हणतो तेव्हा ताकदीचा विचारही येत नाही. म्हणजे कसून आणि जोरात हे दोन शब्द शेजारी ठेवले तर फास्टचा पूर्ण प्रवास मराठीतच दिसतो, आवळून, मग नेटाने, मग वेगाने. इंग्रजीत 'रन हार्ड' मधला हार्डसुद्धा ह्याच वाटेवरचा आहे, कडक हा त्याचा मूळ अर्थ.

9व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत नॉर्स बोलणारे लोक येऊन स्थायिक झाले होते, दोन्ही भाषांत हा शब्द जवळजवळ सारखाच, त्यामुळे हा जोराचा आणि पुढे वेगाचा अर्थ त्यांच्याकडून किंवा त्यांच्या प्रभावाने आला असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. दुसरंही एक स्पष्टीकरण दिलं जातं, की फास्टचा एक अर्थ अगदी लगत, चिकटून असा होता, आणि कोणाच्या मागे चिकटून जायचं तर त्याच्याइतकंच पळावं लागतं, म्हणून वेग. मला स्वतःला पहिलं जास्त पटतं, पण दोन्हींनी मिळून ढकललं असेल तरी आश्चर्य नाही.

त्या चिकटून ह्या अर्थाने अनुवाद करणाऱ्यांना चांगलंच फसवलंय. इंग्रजी कवी मिल्टनच्या 1667 सालच्या 'पॅरडाईज लॉस्ट' ह्या महाकाव्याच्या सुरुवातीलाच एक ओहोळ देवाच्या मंदिराच्या 'फास्ट बाय' वाहतो असं आहे. वाहणारं पाणी आणि फास्ट, कोणीही 'वेगाने वाहतो' असंच वाचेल. पण फास्ट बाय म्हणजे अगदी लागून, मंदिराला खेटून वाहणारा. पाण्याचा वेग किती त्याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वेगाचा अर्थ आधी क्रियाविशेषणाला आला, 13व्या शतकाच्या आसपास, म्हणजे 'फास्ट पळणे' आधी. 'फास्ट घोडा' हे विशेषण मात्र 16व्या शतकातलं, मधे तीनेकशे वर्षं गेली. हे साहजिकच आहे, कारण अर्थ बदलला तोच मुळी पळणे, जाणे असल्या क्रियापदांच्या संगतीत, घोड्याला तो नंतर चिकटला. घड्याळ पाच मिनिटं फास्ट असणं, बेबंद जगणाऱ्या माणसाला फास्ट म्हणणं (हे 18व्या शतकापासून), कमी उजेडातही झटपट फोटो घेता येणारी फास्ट लेन्स, हे सगळे ह्या वेगाच्या फांदीला फुटलेले धुमारे, त्यात फार शिरत नाही.

मग त्याआधी इंग्रज वेगवानला म्हणायचे काय? 'स्विफ्ट' होता, 'स्नेल' होता, जर्मन 'श्नेल' तोच. आणि आज वेगाचे म्हणून जे आणखी दोन साधे शब्द आपण वापरतो तेही मुळात वेगाचे नव्हते. 'क्विक' म्हणजे जिवंत. हा संस्कृत 'जीव' चा खरोखरचा चुलत भाऊ आहे. नखाखालच्या हुळहुळ्या मांसाला क्विक म्हणतात, पाऱ्याला क्विकसिल्व्हर म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी, ते ह्याचमुळे. आणि 'स्पीड' म्हणजे यश, भरभराट. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' ही म्हण घाई जास्त तर वेग कमी अशी वाचली की विचित्रच वाटते, पण घाई जास्त तर यश कमी असं वाचलं की लगेच सरळ होते.

आता ओळखायचं कसं. मी स्वतः सगळ्यात आधी शेजारचं क्रियापद बघतो. धावणे, जाणे, वाढणे, बोलणे, म्हणजे ज्यात काहीतरी पुढे सरकतंय अशी क्रियापदं असतील तर वेग. स्टँड, होल्ड, स्टिक, टाय, शट, स्लीप, म्हणजे ज्यात जागच्या जागी राहणं आहे ती असतील तर घट्ट. 'स्टक फास्ट' म्हणजे पटकन अडकला असं शंभरातले नव्वद लोक लिहितात, तो पक्का अडकलाय. अडचण येते ती 'इज' किंवा 'वॉज' असं मोघम क्रियापद असलं की. 'द बोट इज फास्ट' म्हणजे होडी बांधलेली आहे की वेगवान आहे हे वाक्यावरून सांगताच येणार नाही, आधीचं-नंतरचं वाचावंच लागेल, किनाऱ्यावर दोर आणि खुंटा आला असेल तर बांधलेली, शर्यत चालू असेल तर वेगवान. त्यात मजकूर जितका जुना तितका घट्ट अर्थाकडे कल ठेवायचा, आणि समुद्र, रंग, प्रयोगशाळा, धर्म अशा क्षेत्रातला असेल तर वेग शेवटी तपासायचा.

दुसरी खूण व्याकरणाची आहे आणि ती जवळजवळ कधीच दगा देत नाही. वेगाचा अर्थ फक्त विशेषण आणि क्रियाविशेषण ह्यांनाच मिळाला. नाम आणि क्रियापद जुन्या घरातच राहिले. 'टू फास्ट' म्हणजे उपास करणे, वेग घेणे कधीच नाही. 'ए फास्ट' म्हणजे उपास. 'फासन' म्हणजे बांधणे, ज्याला घाई करणे म्हणायचंय त्याने 'हेसन' वापरायचं, दिसायला जुळे आहेत म्हणून इथे फार गल्लत होते. फास्टनेस म्हणजे किल्ला किंवा रंगाचा टिकाऊपणा, वेगासाठी स्पीडच म्हणावं लागतं. आणि मुलं परीक्षेत 'ही रॅन फास्टली' लिहितात ते चालत नाही, क्रियाविशेषणही फास्टच. जुन्या इंग्रजीत त्याला शेवटी एक ई (e) लागायचा, तो काळाच्या ओघात गळला आणि विशेषण-क्रियाविशेषण एकसारखे दिसायला लागले, हार्डचंही तसंच झालं.

डिक्शनरीत मात्र तुम्हाला बऱ्याचदा दोन वेगळ्या नोंदी दिसतील, वर छोटा 1 आणि 2 घातलेला, एकीत घट्ट आणि वेगवान, दुसरीत उपास. ते बघून तुम्हाला वेगळे शब्द वाटले असतील तर त्यात नवल नाही. वाचणाऱ्याची सोय म्हणून अर्थ फार लांब गेले की संपादक नोंद तोडतात, तेवढ्यावरून मूळ वेगळं ठरत नाही. नोंदीच्या शेवटी व्युत्पत्तीची ओळ असते ती वाचायची, दोन्हीकडे तेच जुनं जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच ह्या भाषांच्या घराण्याचं, मूळ दिलेलं सापडेल.

फीस्टचं उत्तर मात्र नाही असं आहे. फीस्ट म्हणजे मेजवानी, तो लॅटिन 'फेस्ता' वरून फ्रेंचमार्गे आला, फेस्टिव्हलच्या घरातला, एकात पोटभर खायचं आणि दुसऱ्यात उपाशी राहायचं आणि दिसायला इतके जवळ, पण नातं शून्य. 'फास्टिडियस' म्हणजे फार चोखंदळ, तोही वेगळ्या लॅटिन शब्दावरून. बेलफास्ट शहराचं नाव आयरिश 'बेअल फेर्श्टे' चं इंग्रजी रूप आहे, वाळूच्या दांड्याजवळचं नदीचं मुख असा काहीसा अर्थ. प्रचंड मोठा ह्या अर्थाचा इंग्रजी 'व्हास्ट' लॅटिन आहे, डच व्हास्टशी त्याचा संबंध नाही. उलट जर्मनमध्ये 'फास्ट' असाच लिहिलेला शब्द दिसला आणि त्याचा अर्थ 'जवळजवळ' असा निघाला तर तो मात्र खरा नातेवाईक आहे, फेस्टच्याच क्रियाविशेषणातून घट्ट, मग लगत, मग जवळपास असा सरकत गेलेला.